वखारीची भिंत

थंडीत कुणी मला म्हणालं, "आजी, गार वारं येतंय, खिडकी लावून घेऊ का?" की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना आता सवय झाली आहे. पौषात मी रजई गळ्यापर्यंत ओढीन, कानाला मफलर गुंडाळीन, पायात दोन-दोन मोजे घालीन, पण खिडकी उघडी राहील. सून पाहुण्यांना हळूच सांगते, "त्यांचा हट्टच आहे तो, काही बोलू नका." हट्ट तर हट्ट! ज्याला सोसत नाही त्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन निजावं.

हा हट्ट कुठून आला ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. विचारायचं धाडस कुणी केलं नाही, आणि कुणी केलं असतं तर मी त्याला वसकन बोलून गप्प केलं असतं. पण आता माझीच छाती रात्रंदिवस घरघरते. आणखी किती थंड्या बघायच्या आहेत कोण जाणे. तेव्हा सांगून टाकते.

मी लग्न होऊन वसईकडे गासच्या बाजूच्या वाडीत आले तेव्हा सोळा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून एखादं वर्ष झालं असेल नसेल. घरात माणसं चार. विधवा सासूबाई, आमचे हे, मी आणि माझी नणंद. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नणंद माझ्याहून एका वर्षानं मोठी. तिच्या लग्नाची बोलणी दोनदा झाली आणि दोनदा मोडली, कारण तिला पावसापासून होळीपर्यंत खोकला असायचा. ती मात्र हसून म्हणायची, "बरं झालं गो वैनी, नवऱ्याचं घोरणं ऐकण्यापेक्षा माझा खोकला बरा." जीभ अशी तिखट की समोरच्यानं निमूट ऐकून घ्यावं. माझं तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, कारण माझीही काही कमी नव्हती.

वाडी केळीची. फळ घराशेजारच्या वखारीत पिकवायचं आणि मग मुंबईच्या बाजारात पाठवायचं किंवा राजेळी केळी सुकवून त्यांची सुकेळी करायची, हा आमचा थंडीतला उद्योग. वखार म्हणजे घराला चिकटून बांधलेली, खिडकी नसलेली एक खोली. माजघर आणि वखार यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती. कच्च्या केळ्यांचे अख्खे घड आत रचायचे, वर केळीची पानं पांघरायची, दार चिखलानं लिंपून घ्यायचं आणि आत धूर कोंडायचा. त्या उबेनं केळी एरवी दोन दिवसांत पिवळी होत, थंडीत चार दिवस घेत. म्हणून थंडीत धूर जास्त लागायचा.

आता हा धूर आत जायचा कसा, ते सांगते. वखारीच्या बाहेरच्या अंगाला, घराच्या कोपऱ्याशी, भिंतीत वीतभर भोक होतं. मडक्यात शेणीचे तुकडे आणि भाताचा कोंडा पेटवायचा, मडक्याचं तोंड त्या भोकाला लावायचं आणि फट ओल्या मातीनं बुजवायची. मडक्याच्या बुडाला बारीक छिद्र असे. त्याला फुंकणी लावून तोंडानं फुंकायचं. सकाळी एकदा आणि तिन्हीसांजेला एकदा, गाल दुखेपर्यंत. हे काम आमच्याकडे बायकांचं. नवव्या वर्षापासून ते माझ्या नणंदेकडे होतं. मी आले आणि सासूबाईंनी फुंकणी तिच्या हातातून काढून माझ्या हातात दिली.

"बघ, नीट बघून घे," नणंद मला शिकवताना म्हणाली, "असा श्वास घ्यायचा, पण धूर उलटा आला की तोंड फिरवायचं." आणि हे सांगता सांगताच तिला एवढी ढास लागली की ती जमिनीवर बसली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला ढास कशानं लागते हा प्रश्न मला पडला नाही. कुणालाच पडला नव्हता. खोकला हा तिच्या नशिबातलाच, अशी सगळ्या घराची समजूत होती.

वखारीच्या भिंतीचा घरात मोठा मान होता. थंडीत माजघराच्या बाजूनं हात लावला की ती ऊन लागायची. आमच्याकडे बाळंतिणीची बाज त्या भिंतीशी पडायची, म्हातारी माणसं तिथे पाठ शेकायची. आमचे हे तिथेच जन्मले होते आणि नणंदही तिथेच. कुणी आजारी पडलं की सासूबाईंचा पहिला शब्द, "भिंतीशी घाला." घरात त्याहून बरी जागा नव्हती, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

माझी सासरची दुसरी थंडी. कार्तिकात निर्मळच्या जत्रेला आम्ही दोघी चालत गेलो होतो. येताना ती वाटेत तीन वेळा बसली. पहिल्यांदा म्हणाली चप्पल चावते, दुसऱ्यांदा म्हणाली तहान लागली. तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही, नुसती माझ्या खांद्याला धरून तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहिली. तिच्या गळ्याखालचा खळगा आत-बाहेर होताना मी पाहिला. जत्रेतून घेतलेल्या बांगड्या तिनं माझ्याकडे दिल्या आणि म्हणाली, "आईला सांगू नको हं." मी घरी पोचताक्षणी सांगितलं.

विरारहून डॉक्टर टांग्यातून आले. त्यांनी तिची छाती पाठ तपासली, जिभेखाली काच ठेवली, हातांची नखं निरखून पाहिली. सासूबाई दाराशी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "क्षय नाही." सासूबाईंनी तिथल्या तिथे देवाला हात जोडले. मग ते म्हणाले, "पण फुप्फुसं फार नाजूक झाली आहेत. ही एवढी थंडी तिला निभावून न्या. होळीपर्यंत तग धरला तर पोरगी उन्हाळ्यात उभी राहील. गारठा लागू देऊ नका, ऊब द्या, धुरापाशी अजिबात बसवू नका, आणि खोलीत हवा खेळती ठेवा."

होळीपर्यंत. बस्स, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. मी भिंतीवरच्या पंचांगात बघायची, किती दिवस उरले. तीन महिने आणि वर काही दिवस.

डॉक्टरांचं सांगणं सासूबाईंनी आपल्या परीनं तंतोतंत पाळलं, हे मला सांगायलाच हवं. त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लेकीला चुलीपासून लांब केलं. "चुलीपाशी दिसलीस तर तंगडी मोडीन," म्हणाल्या. देवापुढचा धूप बंद केला. मच्छरांसाठी कडुनिंबाचा पाला जाळायचो, तोही बंद. तिचं अंथरूण वखारीच्या भिंतीशी घातलं. माजघराची एकुलती एक खिडकी गोणपाटानं झाकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. हवा खेळती ठेवण्याचं तेवढं त्यांना पटलं नाही. "म्हणे हवा खेळवा! मार्गशीर्षाच्या गारठ्यात? डॉक्टरला काय जातंय सांगायला, त्याची का पोटची पोर आहे?" आम्ही तिघी हसलो. हो, मीही हसले.

आणि वखारीचा धूर? तो आम्ही धुरात धरतच नव्हतो. चुलीचा धूर डोळ्यांत जातो, भांडी काळी करतो, तो खरा धूर. वखारीचा धूर आत कोंडलेला, दार लिंपलेलं, तो बाहेर येतोच कुठे? आणि ज्याच्या उबेनं हिरवं कच्चं फळ पिकून गोड होतं, ते माणसाला बाधेल कसं? हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती, इतकं ते आम्हाला उघड होतं. एवढी वर्षं केळी पिकवणाऱ्या घरालाच अशी चूक करता येते. दुसऱ्या कुणाला ती सुचणारसुद्धा नाही.

मी जोरात फुंकायला लागले. आधी केळ्यांना पुरेल एवढंच फुंकायची, आता तिच्यासाठी फुंकायची. मी बाहेर कोपऱ्याशी बसलेली असे आणि ती आत भिंतीला पाठ लावून. कोपऱ्यात एक लाकडी खांब होता, त्याचं एक अंग आत होतं आणि एक बाहेर. भिंत हवी तेवढी ऊन झाली की ती पितळेच्या वाटीनं खांबावर दोनदा वाजवायची. टक, टक. म्हणजे पुरे. मग मी फुंकणी खाली ठेवायची, गाल चोळायची आणि आत जायची. ती म्हणायची, "आज गाल कुणाला दाखवायला फुगवले होतेस?" मी म्हणायची, "तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला." असं आमचं रोजचं चाललेलं असायचं.

पण तिचं बरं काही दिसेना. सकाळी उठली की डोकं धरून बसायची. जेवण जाईना. चेहरा मात्र लालसर दिसायचा, तर सासूबाई म्हणायच्या, "बघ, उबेनं कशी तकतकी आली आहे." मलाही तसंच वाटलं. मेली अक्कल गहाण टाकली होती आम्ही सगळ्यांनी!

मार्गशीर्षाच्या मध्यावर वखारीचं एक आढं वाळवीनं खाल्लं आणि छप्पर एका बाजूला बसलं. सुताराला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत वखार रिकामी, धूर नाही, भिंत गार पडलेली. सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. त्यातून सुताराच्या ठोकाठोकीनं माजघरात माती पडायची, म्हणून अंथरूण पुढच्या पडवीत हलवावं लागलं. पडवीला नुसता कुडाचा आडोसा होता. सकाळी डोंगराकडून समुद्राकडे जाणारं गार वारं सरळ आत शिरायचं. सासूबाईंनी तिला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, डोक्याला शाल बांधली आणि ग्रामदेवीला नवस बोलल्या.

चौथ्या दिवशी तिनं भाकरी मागून घेतली. पाचव्या दिवशी उन्हात येऊन बसली आणि माझ्या हातातली सुकेळी काढून घेऊन पानात बांधायला लागली. "तुला अजून गाठ मारता येत नाही, आण इकडे." सहाव्या दिवशी बावखलापर्यंत, वाडीतल्या तळ्यापर्यंत, चालत गेली आणि मला हाक मारून बोलावलं, पाण्यात बगळा बघायला. तिच्या आवाजात घरघर नव्हती. मी अशी धावत गेले! बगळ्याकडे कोण बघतंय, मी तिच्याकडेच बघत होते.

अर्नाळ्याची एक कोळीण दोन दिवसांआड आमच्याकडे मासळी घेऊन यायची. वयानं मोठी, गळ्यात क्रूस, तोंडाला टाळा नाही. तिनं नणंदेला उन्हात बघितलं आणि टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "आता कशी मानसात आली पोरगी! आतमदी नका नेऊ हिला. तुमच्या त्या माजघरात आले का माजे डोले चुरचुरतान. आमी कोली उघड्यावर निजतू, दर्यावर निजतू, आमच्यात कोनी असा खोकत नाय."

सासूबाईंनी तिला एका शब्दानं गप्प केलं. "तुमचं ऐकलं तर माझी पोर गारठून मरेल बाई. बोंबील काय भाव दिलेस ते बोल."

कोळणीनं खांदे उडवले आणि बोंबील मोजायला घेतले. मी तिथेच होते. मला ते ऐकू आलं होतं. पण मला मनातून काय वाटत होतं सांगू? ही बरी झाली ती माझ्या अडुळशाच्या काढ्यानं. मी तो आठवडाभर सकाळ-संध्याकाळ देत होते. सासूबाई म्हणत होत्या नवस पावला, आणि मी आतल्या आत म्हणत होते, नवस कसला, माझा काढा! श्रेय कुणाचं यावर आम्हा दोघींचं मनातल्या मनात भांडण चाललं होतं. आठ दिवस वखार थंड होती हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

छप्पर झालं. वखार भरली. अंथरूण परत भिंतीशी गेलं. "आठ दिवस पडवीत काढले तरी देवीनं राखलं," सासूबाई म्हणाल्या, "आता उगीच परीक्षा नको." नणंद जाताना म्हणाली, "पडवीत बरं वाटत होतं गो." आम्ही दोघींनी तिला दटावलं. माझा आवाज जरा जास्तच चढला होता.

पौष लागला तो कडाक्याचा. सकाळी समोरची केळ दिसायची नाही असं धुकं. संक्रांत जवळ आलेली, वखार गच्च भरलेली, आणि गारठ्यानं फळ पिकायचं नाव घेईना. मी सकाळी फुंकायची, दुपारी फुंकायची, तिन्हीसांजेला फुंकायची. ती पुन्हा जेवेनाशी झाली. ओठांवर निळसर छटा दिसायची, तर आम्ही म्हणायचो थंडी केवढी आहे बघा. बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागे. तरी चावटपणा सुटला नव्हता. "वैनी, होळीला किती दिवस?" रोज विचारायची. मी सांगितलं की म्हणायची, "एवढे? तोवर तुझे गाल फुटतील."

भोगीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी भाजी निवडत होते. तिनं आतून हाक मारली. आवाज बारीक झाला होता. "वैनी, भिंत गार लागतेय गो. फुंक की जरा."

भिंत गार नव्हती. मी हात लावून बघितला होता, चांगली ऊन होती. तिच्याच अंगातली ऊब गेली होती, पण हे मला आज कळतं. तेव्हा मी म्हटलं, "फुंकते बाई, महाराणीसाहेब," आणि मडकं भरून बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी दोनदा फुंकून झालं होतं. गाल ठणकत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी फुंकत राहिले आणि खांबावर वाटी वाजायची वाट बघत राहिले. वाटी वाजली नाही. मला वाटलं, अजून गारच वाटतंय तिला. मी मडक्यात आणखी कोंडा घातला. पुन्हा फुंकलं. वाटी वाजली नाही. मी तिसऱ्यांदा मडकं भरलं. इतकं मी जन्मात कधी फुंकलं नव्हतं. शेवटी माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा उठले.

आत गेले तर सासूबाई तिच्या उशाशी बसून वाती वळत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "निजली आहे. किती दिवसांनी शांत झोप लागली बघ. हाक मारू नकोस." तिचा चेहरा लालसर होता, खोकला नव्हता. मला बरं वाटलं. माझं फुंकणं सार्थकी लागलं, असंच मनात आलं माझ्या.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती गेलेली होती. केव्हा गेली कुणास ठाऊक. सासूबाई शेजारीच होत्या, त्यांचंही डोकं जड होऊन त्या उशिरापर्यंत उठल्या नव्हत्या. मी तिला हलवलं आणि तोल जाऊन माझा हात भिंतीवर पडला. भिंत अजून ऊन होती. चहा सांडला, एवढंच मला त्या सकाळचं नीट आठवतं. मी ओरडले म्हणतात, ते मला आठवत नाही.

तिचे दिवस झाले. फाल्गुन लागला. होळीआधी घर सारवायचं म्हणून सासूबाईंनी मला माजघराची भिंत घ्यायला सांगितली. मी तिच्या अंथरुणाच्या जागचं जुनं शेण खरवडलं आणि खालून काळी रेघ निघाली. बोटभर रुंद, काजळीची, जमिनीपासून थेट उशाच्या उंचीपर्यंत. छप्पर बसलं तेव्हा भिंतीला तडा गेला असावा आणि सुतारानं वरवर लिंपून टाकला असावा. पण त्या मोठ्या तड्याशेजारी लहान-लहान चिरा होत्या, आणि त्या जुन्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, काळ्या झालेल्या. मी तड्यात बोट घातलं. ते आरपार वखारीत गेलं.

मी खाली बसले. आठ दिवस. काढा नाही, नवस नाही, वखार थंड होती म्हणून. कोळणीचे डोळे. नवव्या वर्षापासूनची फुंकणी. आणि त्या संध्याकाळची तीन मडकी. मीच, माझ्या तोंडानं, माझ्या श्वासानं.

तेवढ्यात ओटीवर सासूबाईंची पावलं वाजली. आणि मी काय केलं तर शेणाचा गोळा उचलला आणि त्या रेघेवर थापला. भराभर, दोन्ही हातांनी. त्या दाराशी आल्या तोवर भिंत सारवून झाली होती. ज्या आईनं आपल्या हातानं पोरीला तिथे निजवलं, तिला हे कळू द्यायचं नाही, एवढं एकच मला त्या क्षणी सुचलं. त्या क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "खाली कोपऱ्यात राहिलंय," आणि गेल्या.

मी परत फुंकणी हातात धरली नाही. आमच्या ह्यांना साफ सांगितलं, वखार घरापासून लांब, बावखलापलीकडे बांधा, नाहीतर मी माहेरी चालले. नव्या सुनेचा हा तोरा! मला वाटलं आता सासूबाई माझी खरडपट्टी काढणार. त्या ताटावरून मान वर न करता एवढंच म्हणाल्या, "ती म्हणते तसं कर. हलव." मला नवल वाटलं, पण सुटल्यासारखं वाटलं, म्हणून मी खोलात शिरले नाही.

पुढे आठ-नऊ वर्षं गेली. माझी मुलं झाली, त्यांना मी थंडीत पडवीत वाढवलं, बाळंतपणही पडवीतच केलं. आळीतल्या बायकांनी मला काय काय नावं ठेवली. सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. मग एका पौषात त्यांचीच छाती भरली. मी त्यांचं अंथरूण पडवीत घातलं, घोंगड्या दिल्या, कुडाचा आडोसा सरकवून ठेवला. त्या ऊर फुटेस्तोवर खोकत होत्या, पण तक्रार नाही. चार दिवसांनी श्वास मोकळा झाला. भाकरी मागून घेतली.

त्या संध्याकाळी मी त्यांचे पाय चेपत होते. त्या बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला जरा आत ने. भिंतीशी."

"तिथे काय आहे आता आई? वखार नाही, काही नाही. गार असते भिंत."

"ने."

मी धरून नेलं. जुन्या जागी टेकवलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, आणि मग बोटानं सारवणावरून वरून खाली एक रेघ ओढली. बरोबर तिथेच.

"तू शेण थापलंस ना, मी दारातच होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी बघितलं होतं मी, तिचं अंथरूण उचललं तेव्हा सारवणाचा पोपडा सुटला होता. तुला कळू नये म्हणून ती भिंत मीच सारवणार होते, पण हातच उचलेना माझा."

मी रडायला लागले. इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. "आई, मीच फुंकलं हो. ती वाटी वाजवेना आणि मी फुंकतच राहिले. तीन मडकी."

"ठाऊक आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या खांबाकडे बघत होत्या. "तिला झोप लागली होती. मी उशाशीच होते. बाहेर तू फुंकतेस ते ऐकू येत होतं. मनात आलं, वाजवावं, पोरगी दमली असेल. मग म्हटलं, होऊ दे भिंत आणखी जरा ऊन. माझी पोर निजली आहे." त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "वाटी माझ्या हाताशी होती गो."

मी उठले आणि माजघराची खिडकी उघडली.